करमुक्त संस्थांची सौरवीज : ‘भाडे’, ‘विक्री’ आणि ‘मानीव’

करविषयक कायदा हे काही भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने वाचावयाचे वाङ्मय नव्हे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. माझाही होता. तो ढळला तो एका पत्रामुळे. २०१९ साली माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातून मला लिहिले. तेथील एका लहानशा मंदिराच्या व्यवस्थापक मंडळावर ती होती. मंदिराच्या छपरावर सौरसंच बसवावा अशी सर्वांची इच्छा. पण तो रोखीने विकत घेण्याइतका पैसा गाठीशी नाही. एका व्यावसायिकाने भाडेपट्ट्याचा मसुदा पाठविला होता, तो हिशेबाला परवडेना. दुसऱ्या एका राज्यातील ओळखीच्या मंदिराने मात्र ‘वीजखरेदी करार’ करून असाच संच बसविला होता आणि त्यांना तो चांगलाच परवडला होता. तिचा प्रश्न साधा होता : “सर, दोन्हींत संच दुसऱ्याचा, छप्पर आमचे आणि दरमहा पैसे आम्हीच द्यावयाचे. मग ‘भाडे’ हा शब्द खोडून तेथे ‘विजेची किंमत’ असे लिहिले तर काय बिघडले?” मी उलटटपाली कळविले की, व्यवहार तोच असेल तर नाव बदलल्याने काही बिघडूही नये आणि काही साधूही नये. हे उत्तर दोन्ही अंगांनी चुकले होते. ते कसे चुकले हे पुढे मला कळत गेले. तेच येथे मांडावयाचे आहे.

प्रथम मूळ अडचण पाहू. अमेरिकेच्या संघशासनाने सौरऊर्जेस उत्तेजन दिले ते मुख्यतः अनुदानाच्या मार्गाने नव्हे, तर कराच्या मार्गाने. १९७८ च्या ऊर्जाकर कायद्यापासून ही परंपरा सुरू होते. २००५ च्या ऊर्जाधोरण कायद्याने व्यापारी सौरसंचांवरील सवलत खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत नेली. ही सवलत ‘टॅक्स क्रेडिट’ या स्वरूपाची आहे. मराठीत आपण ‘वजावट’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या गोष्टींना सरसकट लावतो आणि त्यामुळे घोटाळा होतो. वजावट उत्पन्नातून होते. क्रेडिट प्रत्यक्ष करातून होते. म्हणून त्यास येथे ‘करजमा’ म्हणू. जणू तेवढा कर तुमच्या नावे आधीच जमा झालेला आहे. याखेरीज सौरसंचास पाच वर्षांच्या वर्गाचा जलद घसारा मिळतो.

एक लाख डॉलरांचा संच घेतला, तर कर भरणाऱ्या कंपनीस ३० हजारांची करजमा मिळे. घसाऱ्यासाठी मूळ किमतीतून करजमेची निम्मी रक्कम वगळावयाची; म्हणजे ८५ हजारांवर घसारा. २०१८ पासून कंपन्यांच्या कराचा दर २१ टक्के आहे. त्या दराने या घसाऱ्याचे करमूल्य १७,८५० डॉलर. अशा रीतीने जवळजवळ ४८ हजार डॉलर, म्हणजे अर्ध्याच्या आसपास किंमत, करातून सुटे. आता त्याच संचाची मालकी एखाद्या चर्चकडे, मंदिराकडे, शाळेकडे किंवा नगरपालिकेकडे असली तर? त्यांना कर नाही. म्हणून करातून सुटण्याजोगे काहीही नाही. अमेरिकन प्राप्तिकर संहितेच्या कलम ५०१ (क) (३) खाली ज्यांना धर्मादाय म्हणून करमाफी आहे, अशा सर्व संस्थांची स्थिती हीच. समाजाने ज्यांचा भार हलका करावयाचे ठरविले, त्यांनाच तोच संच दुप्पट महाग पडावा, असा हा विपरीत न्याय होता. २००९ मध्ये मंदीच्या काळात करजमेऐवजी ३० टक्के रोख रक्कम देण्याची तात्पुरती योजना निघाली, तेव्हा तरी ही विषमता जाईल असे वाटावे. परंतु त्या योजनेतूनही धर्मादाय संस्था व सार्वजनिक शासने स्पष्ट शब्दांत वगळली गेली.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे कर भरणाऱ्या कोणी मालक व्हावे आणि संच संस्थेस भाड्याने द्यावा. मालकास करजमा मिळेल आणि तिचा काही भाग तो भाड्यात सोडील. हे संहितेस पूर्वीच ठाऊक होते. गुंतवणुकीवरील करजमा अमेरिकेत १९६२ साली आली. करमुक्त संस्था ‘वापरीत असलेल्या’ मालमत्तेवर ती मिळणार नाही, हा दंडक तिच्याबरोबरच आला. येथे क्रियापद ‘मालकी असणे’ हे नाही, ‘वापरणे’ हे आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. भाडेकरू वस्तू वापरतो. भाडेकरू करमुक्त असेल तर मालकाचीही करजमा जाते. १९८० नंतरच्या काही वर्षांत सार्वजनिक संस्थांनी आपल्या इमारती करदात्या गुंतवणूकदारांस विकून त्याच पुन्हा भाड्याने घेण्याचे, आणि अमेरिकन नौदलाने मालवाहू जहाजे खाजगी मालकांकडून दीर्घ मुदतीने घेण्याचे व्यवहार सुरू केले. तेव्हा १९८४ साली काँग्रेसने हा बंधारा आणखी उंच केला आणि घसाराही त्यात अडविला.

परंतु त्याच १९८४ च्या कायद्याने एक दार ठेवले. कलम ७७०१ (ङ) मध्ये ‘सेवाकरार’ आणि ‘भाडेपट्टा’ यांतील भेद सांगितला आहे. करारास सेवाकरार असे नाव दिले असले तरी लक्षणे भाडेपट्ट्याची असतील तर तो भाडेपट्टाच समजावयाचा, हा सामान्य नियम. मात्र पर्यायी ऊर्जेच्या संचातून होणाऱ्या वीजविक्रीच्या करारास या नियमातून सूट दिली. असा करार सेवाकरारच समजला जाईल, फक्त चार गोष्टी त्यात असता कामा नयेत. वीज घेणाऱ्याने संच स्वतः चालवू नये. संचाने काम केले नाही तर त्याचा मोठा आर्थिक भार घेणाऱ्यावर पडू नये. संच चालविण्याचा खर्च ठरल्यापेक्षा कमी झाला तर त्याचा मोठा लाभ घेणाऱ्यास मिळू नये. आणि चौथी गोष्ट, जी व्यवहारात सर्वांत अधिक जाचते : संच पुढे ठराविक किमतीस विकत घेण्याचा हक्क किंवा बंधन घेणाऱ्यास नसावे, घ्यावयाचाच तर त्या वेळच्या रास्त बाजारमूल्याने घ्यावा.

माझे उत्तर पहिल्या अंगाने येथे चुकले. व्यवहार तोच दिसत असला तरी तो तोच नसतो. भाडेपट्ट्यात आभाळ भरून आले तरी भाडे चुकत नाही. वीजविक्रीत जेवढे युनिट निघाले तेवढ्यांचेच पैसे. जोखीम कोणाच्या अंगावर आहे, हे नामाच्या जागी दुसरे नाम घालून बदलत नाही. वाक्यातील कर्ता कोण आणि कर्म कोण हेच बदलावे लागते. दोन विधाने वरवर समानार्थी दिसतात आणि त्यांची कारकव्यवस्था मात्र भिन्न असते, हा आपल्या शास्त्रातील प्राथमिक धडा मीच विसरलो होतो.

या दारातूनच २००५ नंतर अमेरिकेतील बहुसंख्य शाळा, चर्चे व नगरपालिका यांचे सौरसंच उभे राहिले. संच त्रयस्थ कंपनीच्या मालकीचा. ती वीस-पंचवीस वर्षांच्या कराराने छपरावरची वीज संस्थेस विकते. करजमा व घसारा त्या कंपनीस मिळतो. त्या कंपनीलाही पुरेसा कर भरावा लागत नसे, म्हणून ती एखादी मोठी बँक भागीदार म्हणून घेई. प्रारंभीची काही वर्षे करलाभाचा ९९ टक्के भाग बँकेकडे आणि तिचा ठरलेला नफा निघाला की तो ५ टक्क्यांवर उतरावयाचा, उरलेला कंपनीकडे, अशी ती भागीदारी असे. पहिल्या पाच वर्षांत संच विकला तर करजमेची परतवसुली होते (दरवर्षी पाचवा हिस्सा पक्का होत जातो), म्हणून संस्थेस मालकी देण्याची भाषा सहाव्या-सातव्या वर्षापूर्वी निघत नसे. या साऱ्या कागदपत्रांचा वकिली खर्च लहान संचास झेपत नाही. दहा लाख डॉलरांच्या प्रकल्पास जेवढे कागद, जवळजवळ तेवढेच पन्नास हजारांच्या प्रकल्पास.

म्हणून काही ठिकाणी गावकऱ्यांनीच वाट काढली. मेरीलँडमधील युनिव्हर्सिटी पार्क येथे पस्तीसएक रहिवाशांनी मिळून एक कंपनी स्थापन केली आणि २०१० साली तेथील चर्च ऑफ द ब्रेदरनच्या छपरावर २२ किलोवॉटचा संच बसविला. चर्च वीज विकत घेते, करजमा भागधारकांस. ही योजना ऐकावयास फार गोड वाटते. पण १९८६ पासून अमेरिकन कायद्यात असा नियम आहे की, ज्या धंद्यात मनुष्य स्वतः राबत नाही, त्या धंद्याचे करलाभ त्यास सामान्यतः तशाच निष्क्रिय उत्पन्नावरील करात वापरता येतात, पगारावरील करात नव्हे. सामान्य पगारदार भाविकास अशा कंपनीत भाग घेऊन करजमेचा उपयोग होणे कठीण. ज्यांची घरे किंवा दुकाने भाड्याने दिलेली आहेत, त्यांना तो होतो.

आता माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे दुसरे अंग. समजा, करार खरोखरच वीजविक्रीचा केला, जोखीमही विक्रेत्याने घेतली. तर संघशासन प्रसन्न, पण राज्यशासन? वीज विकणारा तो ‘सार्वजनिक वीजसंस्था’ आणि अशा संस्थेस राज्याच्या आयोगाचे नियमन व ठरवून दिलेला प्रदेश लागतो. दुसऱ्याच्या प्रदेशात वीज विकणे म्हणजे त्याच्या एकाधिकाराचा भंग. छपरावरचा सौरसंच अशी वीजसंस्था ठरतो काय, हा प्रश्न दोन राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांपुढे चार वर्षांच्या अंतराने आला आणि त्यांची उत्तरे एकमेकांच्या विरुद्ध निघाली.

आयोवा राज्यातील डब्यूक नगरपालिकेच्या एका इमारतीवर ईगल पॉइंट सोलर ही कंपनी संच बसवून नगरपालिकेस युनिटप्रमाणे वीज विकणार होती. आयोवाच्या कायद्यात वीजसंस्थेची व्याख्या मोबदला घेऊन ‘लोकांना’ वीज पुरविणारी, अशा आशयाची आहे. २०१४ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने, व्यवहाराचे प्रत्यक्ष स्वरूप आठ कसोट्यांवर तपासून, असा निर्णय दिला की एका गिऱ्हाइकाच्या छपरावर, त्याच्याच मीटरच्या अलीकडे वीज निर्माण करणे म्हणजे ‘लोकांना’ वीज पुरविणे नव्हे. त्यात लोकहित गुंतले असे म्हणता यावयाचे नाही.

नॉर्थ कॅरोलायनात एनसी वॉर्न या ना-नफा संस्थेने २०१५ साली ग्रीन्सबरो येथील फेथ कम्युनिटी चर्चच्या छपरावर पाच किलोवॉटच्या आसपासचा एक छोटा संच बसविला आणि युनिटला पाच सेंट दराने वीज देऊ केली. हा दर ड्यूक एनर्जी या वीजकंपनीच्या दरापेक्षा कमी होता. एनसी वॉर्नने स्वतःच आयोगाकडे जाऊन हे कायदेशीर आहे काय असे विचारले. २०१६ साली आयोगाने ते बेकायदेशीर ठरवून दंड सांगितला. चर्चकडून घेतलेली रक्कम परत केली आणि विक्री थांबविली तर तो माफ व्हावयाचा होता. २०१७ साली अपील न्यायालयाने आणि २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. येथेही वाद ‘पब्लिक’ या एकाच शब्दावर होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या न्यायालयांपुढे १९७८ चा सिम्पसन खटल्यातील निवाडा होता. त्यात एक डॉक्टर आपल्या जिल्ह्याच्या वैद्यक मंडळाच्या मोजक्या सभासदांस रेडिओसंदेशाची सेवा पुरवीत असे. सभासद इतके थोडे असूनही तीस ‘लोकांची’ सेवा म्हटले गेले. ‘पब्लिक’ या शब्दास संख्येची ठाम मर्यादा नाही. त्या धंद्याच्या नियमनाचा हेतू पाहून तिचा विस्तार वा संकोच करावयाचा, हे त्या निवाड्याचे सूत्र. एक चर्च म्हणजे ‘लोक’ नव्हेत हे खरे. पण अशा कितीतरी चर्चांना व शाळांना हीच वीज देऊ करण्याचा मनोदय असला, तर तो वर्ग लोकांत मोडतो, असे न्यायालयाने मानले.

अर्थविचाराच्या दृष्टीने दोन्ही निर्णय सुसंगत आहेत, हे मला मान्य करावे लागते. एकाने शब्दाचा अर्थ त्या व्यवहारापुरता पाहिला, दुसऱ्याने तो शब्द ज्या व्यवस्थेत बसतो ती व्यवस्था पाहिली. माझा स्वतःचा कल आयोवाच्या बाजूस आहे. आपल्या छपरावरची वीज आपणच वापरणाऱ्याने वीजकंपनीचे गिऱ्हाईक पळविले असे म्हणावयाचे, तर अंगणात विहीर खणणाऱ्यानेही नगरपालिकेचे गिऱ्हाईक पळविले असे म्हणावे लागेल. पण माझ्या कलास तेथे किंमत नाही.

नॉर्थ कॅरोलायनाच्या विधिमंडळाने २०१७ मध्ये सौरसंच भाडेपट्ट्याने देण्यास परवानगी दिली. म्हणजे घरमालकाची सोय झाली, मंदिराची नाही. कोंडी नेमकी कोठे आहे पाहा. राज्याचा कायदा म्हणे, संच भाड्याने द्या, वीज विकू नका. संघाचा कायदा म्हणे, वीज विका, संच भाड्याने देऊ नका. दिलात तर करमुक्त संस्थेच्या संचावर करजमा नाही. ‘भाडे’ शब्द लिहिला तर सवलत जाते, ‘विजेची किंमत’ लिहिली तर गुन्हा होतो. तिच्या हाती आलेला भाडेपट्ट्याचा मसुदा परवडेना याचे कारण तो व्यावसायिक लबाड होता हे नव्हे. त्यास करजमा मिळतच नव्हती, मग तो भाड्यात काय सोडणार?

ही कोंडी २०२२ च्या ऑगस्टमध्ये फुटली, आणि ती फुटली तीही एका शब्दप्रयोगाने. त्या वेळच्या ‘इन्फ्लेशन रिडक्शन ॲक्ट’ या कायद्याने संहितेत कलम ६४१७ घातले. वास्तविक शासनास सरळ म्हणता आले असते की, करमुक्त संस्थेस खर्चाच्या ३० टक्के रक्कम द्यावी. कायदा तसे म्हणत नाही. तो म्हणतो की, अशा संस्थेने निवड कळविली, तर तिने करजमेइतकी रक्कम कर म्हणून भरलेली आहे असे समजले जाईल. कर तर काही देणे नाही. मग भरलेला सर्व कर जास्तीचा झाला. जास्तीचा कर परत करावयाचा हा जुनाच नियम. म्हणून तिला परतावा मिळेल. जे कधी भरलेच नाही, ते परत मिळते!

महाराष्ट्रात गृहरचना संस्थांमुळे ‘मानीव अभिहस्तांतरण’ हा शब्दप्रयोग सर्वांस परिचित आहे. विकासकाने हस्तांतरण केलेले नसले तरी ते झाले असे मानावयाचे. अमेरिकन कायद्यातील ही भरणाही अशीच मानीव आहे. आपल्या व्याकरणपरंपरेस हे नवीन नाही. पाणिनीय व्यवस्थेत प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययाने घडणारे कार्य घडते. आदेश हा मूळ स्थानीसारखाच मानला जातो. नसलेल्या गोष्टीचे परिणाम टिकविण्यासाठी ती आहे असे धरून चालणे, ही युक्ती वैयाकरणांनी पुरातन काळी सिद्ध केली. तीमुळे शेकडो जुने नियम न बदलता नवीन रूप साधता येते. अमेरिकन विधिमंडळानेही तेच साधले. परताव्याची सर्व यंत्रणा तयारच होती. तिला फक्त ‘भरला आहे असे समजा’ एवढा एक अतिदेश पुरला.

ही तरतूद १ जानेवारी २०२३ पासून सुरू होणाऱ्या करवर्षांस लागू झाली. राज्ये, नगरपालिका, आदिवासी शासने आणि ग्रामीण वीज सहकारी संस्थाही तिच्या कक्षेत येतात. संस्था स्वतःच मालक होते. तिला ना बँकभागीदार लागतो, ना राज्याच्या आयोगाची भीती, कारण स्वतःची वीज स्वतःला कोणी विकत नाही. एक मेगॅवॉटहून लहान संचास ३० टक्के दर सरळ मिळतो. मोठ्या प्रकल्पास ठराविक वेतन व उमेदवारांच्या नेमणुकीचे नियम पाळावे लागतात. न पाळल्यास दर ६ टक्क्यांवर येतो. करमुक्त कर्जरोख्यांतून पैसा उभारला असेल, तर करजमा १५ टक्क्यांपर्यंत घटू शकते. घसाऱ्याचा लाभ मात्र या वाटेने मिळत नाही. तो मानीव केलेला नाही.

व्यवहारातील पायऱ्या अशा. संच कार्यान्वित झाल्यावर आंतरिक महसूल सेवेच्या संकेतस्थळावर नोंदणी करून त्या संचासाठी नोंदणी क्रमांक घ्यावयाचा. वर्ष संपल्यावर ९९०-टी या नमुन्यात विवरणपत्र भरून त्यात तो क्रमांक द्यावयाचा. चर्चे, मंदिरे यांना एरवी वार्षिक विवरणपत्र माफ असते. तरीही हे एक भरावेच लागते. मुदतीत भरले नाही तर हक्क गेला. परतावा हाती येतो तो संच उभा राहून बराच काळ लोटल्यावर. म्हणून मधल्या काळासाठी ३० टक्के रकमेचे अल्पमुदतीचे आणि उरलेल्यापैकी काही रकमेचे दीर्घमुदतीचे कर्ज, अशी दुपदरी मांडणी करावी लागते. २०२२ पूर्वी प्रश्न करजमा कोणास मिळणार हा होता. नंतर तो परतावा येईपर्यंत पैसा कोण लावणार हा झाला. लहान संस्थांना हाही सोपा नाही.

४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने या मार्गावर पुन्हा मर्यादा घातल्या. कलम ६४१७ तसेच राहिले. परंतु सौर व पवन प्रकल्पांची करजमाच आखडली. ज्या प्रकल्पाचे बांधकाम ४ जुलै २०२६ नंतर सुरू होईल, तो २०२७ संपण्यापूर्वी कार्यान्वित झाला तरच तीस पात्र. शिवाय २०२५ नंतर बांधकाम सुरू होणाऱ्या प्रकल्पांत काही विशिष्ट परकीय देशांशी संबंधित पुरवठादारांकडील सामग्री किती असावी, यावरही निर्बंध आले. एखाद्या मंदिरास वर्गणी गोळा करावयास दोन-तीन वर्षे लागतात, हे लक्षात घेता या तारखांचा अर्थ काय होतो, हे निराळे सांगावयास नको.

माझ्या विद्यार्थिनीच्या मंदिराने २०२३ मध्ये स्वतःच्या मालकीचा संच बसविला. त्या वेळी तिने आणखी एक प्रश्न पाठविला आणि तोही शब्दाचाच होता. देणग्यांसाठी एक पेटी ठेवावयाची होती. तिच्यावर काय लिहावे? २०२४ मध्ये कायम झालेल्या नियमांनुसार, संच घेण्याच्या विशिष्ट हेतूनेच दिलेले अनुदान वा दान आणि करजमा यांची बेरीज संचाच्या किमतीहून अधिक झाली, तर जादा रक्कम करजमेतून कापली जाते. एक लाखाच्या संचासाठी म्हणून ८० हजार मिळाले असतील, तर ३० हजारांऐवजी २० हजारच परत येतात. तेच ८० हजार सर्वसाधारण निधीत आले असतील, तर पूर्ण ३० हजार. या वेळी मी घाईने उत्तर दिले नाही. हिशेब मागविला. पेटीत व इतरत्र मिळून संचाच्या नावे जमलेली रक्कम किमतीच्या चौथ्या हिश्श्याइतकीही नव्हती. तेव्हा पेटीवर ‘सौरसंचासाठी’ असे खुशाल लिहावे, असे तिला कळविले. तिने ते देवनागरीत लिहिले आणि खाली इंग्रजी भाषांतर द्यावयास विसरली. त्यामुळे पहिले दोन आठवडे मंदिरातील तेलुगू व तमिळ भाविक ती नेहमीची दानपेटीच समजत होते, आणि त्या दोन आठवड्यांत पेटीत आलेली रक्कम कोणत्या निधीत धरावी यावर मंडळात बरीच चर्चा झाली, असे तिने पुढच्या पत्रात लिहिले आहे.